घरातल्या कॉम्प्युटरमधली धूळ काढताय? बटण बंद केलं म्हणजे आत वीज नाही, असं समजू नका!

दिवाळी जवळ आली की घराघरांत माळे रिकामे होतात, पंख्याची पाती पुसली जातात, फ्रिजमागची जळमटंसुद्धा निघतात. टेबलाखालच्या कॉम्प्युटरवर मात्र वरवर फडकं मारलं जातं आणि तो पुन्हा कोपऱ्यात सरकवला जातो. मग मे महिन्यात, नेमका प्रवेशाचा फॉर्म भरताना किंवा प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या रात्री, तो घरघर करायला लागतो, अडखळतो आणि काही कळायच्या आत बंद पडतो. पाच-दहा मिनिटांनी सुरू होतो आणि पुन्हा बंद.

‘व्हायरस आला असेल’, ‘विंडोज नव्याने टाकावं लागेल’ असे सल्ले लगेच मिळतात. पण सुरू असताना गरम होऊन बंद पडणं आणि थंड झाल्यावर नीट चालणं हे लक्षण असेल, तर आधी संशय धुळीवर घ्यायला हवा. ही सफाई घरी करता येते, अर्ध्या तासात होते आणि खर्चही फारसा नाही. मात्र यात दोन-तीन चुका अशा आहेत, ज्यात मदरबोर्ड जाऊ शकतो. एक चूक तर अशी आहे, ज्यात माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

धूळ नेमकं करते काय?

आपल्याकडे त्या अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आत मदरबोर्डवर बसलेली, बिस्किटापेक्षाही लहान अशी एक चिप. घरगुती कॉम्प्युटरमधली ही चिप कामाला लागली की ६५ वॅट, कधी १०० वॅटच्याही पुढे उष्णता सोडते. जुन्या पिवळ्या बल्बची उष्णता एका नाण्याएवढ्या जागेत कोंबली तर काय होईल, तसंच काहीसं. ती उष्णता बाहेर काढायला चिपवर हीट सिंक असतो, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, आणि त्यावर पंखा.

पंखा हवा ओढतो, हवेबरोबर धूळ येते आणि ती बरोबर पंखा आणि पट्ट्यांच्या मधल्या फटीत अडकते. कपड्यांचे धागे, केस, माती आणि त्वचेचे सूक्ष्म कण मिळून तिथे हळूहळू गोधडीसारखा थर तयार होतो. पंखा जीव तोडून फिरतो, पण हवा पट्ट्यांपर्यंत पोहोचतच नाही. बऱ्याच चिपांमध्ये तापमान ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. तेव्हा कॉम्प्युटर ‘स्लो’ वाटतो. तरीही भागलं नाही, तर तो थेट बंद होतो.

आपल्या घरांतली धूळ तशी साधीसुधी नसते. अगरबत्ती आणि मच्छर अगरबत्तीची काजळी, स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीच्या धुराचा तेलकटपणा, हे सगळं त्यात मिसळतं. कोरडी धूळ फुंकरीने उडते. ही चिकट धूळ ब्रशशिवाय हलत नाही. मुंबई, कोकण, गोव्याच्या किनाऱ्यावर हवेत ओलावा आणि मीठ असतं. तिथे धूळ दमट होते, आणि खारट ओलावा वीज वाहून नेतो, शिवाय धातूला गंजवतो. विदर्भात त्रास वेगळा. पंख्याने थंड होणारी चिप खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली ३० अंशांऐवजी ४२ अंशांवर असेल, तर हातातले १२ अंश आधीच गेले. त्यात धुळीचा थर असला की मग विचारायलाच नको.

एक मात्र आहे. मदरबोर्डवर दिसणारा धुळीचा पातळ थर बघून घाबरायचं कारण नाही. तो दिसतो वाईट, पण खरी अडचण पट्ट्यांमध्ये, पंख्यांवर आणि जाळ्यांमध्ये असते. मदरबोर्ड आरशासारखा चकचकीत करायच्या नादात अनेकांनी चांगला चालणारा कॉम्प्युटर बिघडवलेला असतो.

सगळ्यात आधी वीज

कॉम्प्युटर शट डाऊन केला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं, म्हणजे झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण घरात यूपीएस असेल तर भिंतीचं बटण बंद झाल्याक्षणी त्याची बॅटरी वीज द्यायला लागते. लोडशेडिंगमुळे घरभर इन्व्हर्टर बसवलेला असेल, तर मेन स्विच पाडूनही त्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असू शकतात. शिवाय शट डाऊन केलेल्या कॉम्प्युटरमध्येही, वायर जोडलेली असेल तोवर मदरबोर्डला ५ व्होल्टचा पुरवठा सुरू असतो. आतला एखादा छोटा दिवा बंद कॉम्प्युटरमध्येही पेटलेला दिसतो, तो त्यामुळेच.

म्हणून भरवशाचा उपाय एकच: कॅबिनेटच्या मागून पॉवरची जाड वायर हाताने उपसून काढायची. मग मॉनिटर, कीबोर्ड, इंटरनेट, स्पीकर, सगळ्या वायरी काढायच्या. त्यानंतर समोरचं पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धरायचं. कधी कधी पंखा एखादा झटका देऊन फिरतो. तो आत उरलेला चार्ज असतो.

मात्र एक डबा असा आहे ज्यातला चार्ज असा जाईलच याची खात्री नाही. तो म्हणजे एसएमपीएस, म्हणजे जिथे पॉवरची वायर जोडतात तो पत्र्याचा चौकोनी डबा. त्यात २३० व्होल्ट एसीचे ३०० व्होल्टहून अधिक डीसी होतात आणि ते मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतात. वायर काढल्यानंतरही ते काही काळ तिथेच राहू शकतात. जिवावर बेतणारी चूक म्हणतात ती हीच: एसएमपीएसचे स्क्रू उघडणं. तो उघडायचा नाही. जाळीतून स्क्रू ड्रायव्हर, तार किंवा विणकामाची सुई आत घालायची नाही. बाहेरून जेवढी धूळ उडेल तेवढी उडवायची. आतला पंखाच बसला असेल तर एसएमपीएस बदलून घ्यायचा.

चालू कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभवही अनेक घरांत आहे. ‘थोडं करंट मारतं, चालायचंच’ म्हणून तो सोडून दिला जातो. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे थोडासा विद्युतप्रवाह पत्र्यावर येतो आणि अर्थिंगच्या वायरने जमिनीत जावा अशी रचना असते. झिणझिण्या येतायत म्हणजे बहुधा प्लगच्या तिसऱ्या भोकाला अर्थिंगच नाही. हा प्रवाह एरवी अगदी कमी असतो, पण उद्या आत खरोखर शॉर्ट झाला तर वाचवायला काही नाही. ही गोष्ट कॉम्प्युटरवाल्याची नाही, वायरमनची आहे, आणि ती सफाईपेक्षा तातडीची आहे.

उरली स्थिर वीज. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, ती. तिचा झटका माणसाला साधारण ३,००० व्होल्टला जाणवतो. काही नाजूक चिपा १०० व्होल्टच्या आतही खराब होऊ शकतात. म्हणजे तुम्हाला काही कळणारही नाही आणि रॅम गेलेली असेल. उपाय सोपा आहे: आत हात घालण्याआधी, आणि मध्ये मध्ये, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या उघड्या पत्र्याला बोट लावायचं. स्वेटर, सिंथेटिक कपडे, गालिचा नको. काही परदेशी व्हिडिओंमध्ये ‘अर्थिंग मिळावं म्हणून वायर जोडलेलीच ठेवा’ असं सांगतात. आपल्याकडच्या अर्थिंगचा आणि यूपीएसचा भरवसा पाहता तो सल्ला इथे उपयोगाचा नाही.

काय वापरायचं, काय नाही

लागणारं सामान थोडं आहे. अधिकच्या चिन्हासारखं टोक असलेला स्क्रू ड्रायव्हर, रंगकामाचा एक इंची मऊ आणि कोरा ब्रश, कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा आणि नाकाला मास्क. मास्क हौस म्हणून नाही. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना त्या वेळी लांबच बसवा. दुकानदार वापरतात तो विजेवरचा ब्लोअर असेल तर उत्तम, पण कमी वेगावर आणि फूटभर अंतरावरून.

व्हॅक्युम क्लीनर नको. प्लास्टिकच्या नळीतून धूळ वेगाने जाताना स्थिर वीज तयार होते, आणि तोंड चुकून एखाद्या सुट्या जंपरवर टेकलं तर तो पोटात जातो तो वेगळाच. हेअर ड्रायरची गरम हवा नको. ओलं फडकं, काच पुसायचा स्प्रे, सॅनिटायझर यातलं काहीही नको. कुठे चिकट डाग पुसायचाच असेल तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल इअरबडवर घेऊन पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं.

कॅबिनेट दुचाकीवर मांडीत धरून पंक्चरच्या दुकानात नेणारेही कमी नाहीत. तिथल्या कॉम्प्रेसरचा दाब या नाजूक भागांसाठी फार जास्त असतो आणि टाकीत साठलेलं पाणी, कधी तेलसुद्धा, हवेबरोबर फवाऱ्यासारखं बाहेर येतं. धूळ निघते, पण ओल आत जाते.

ऑनलाइन मिळणारे हवेचे कॅन चांगले काम करतात, पण त्यात साधी हवा नसते, दाबून द्रवरूप केलेला वायू असतो. कॅन उलटा किंवा फार तिरका धरला तर तो द्रव बाहेर येतो आणि कातडी गोठवतो. अनेक कॅनमधला वायू पेट घेणारा असतो, त्यामुळे देवघरातली समई, गॅस, सिगारेट जवळ नको. तो वायू हुंगल्याने जीव जाऊ शकतो, तेव्हा काम झाल्यावर कॅन मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

उघडल्यावर

उघडण्याआधी दोन कामं. महत्त्वाचे फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. आणि कॅबिनेटवर वॉरंटीचं स्टिकर आहे का ते बघा. असेल तर विकणाऱ्याला आधी विचारा.

कॅबिनेट गॅलरीत किंवा अंगणात न्या, टेबलावर वर्तमानपत्र पसरून आडवं ठेवा. समोरून पाहिलं तर बहुधा डावीकडचं झाकण उघडतं. मागचे दोन स्क्रू काढून ते मागे सरकवायचं. स्क्रू वाटीत. मग मोबाइलने आतले चार फोटो काढा, वायरी कुठे होत्या ते नंतर आठवत नाही.

वरून खाली या, म्हणजे झाडलेली धूळ पुन्हा साफ केलेल्या भागावर पडणार नाही. पंखा साफ करताना पातं बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या वाऱ्याने पंखा गरगर फिरताना बघायला मजा येते, पण तो ठरलेल्या वेगापेक्षा जास्त फिरला की बेअरिंग खराब होतं, शिवाय फिरणारा पंखा छोट्या डायनामोसारखा उलटी वीज मदरबोर्डकडे पाठवू शकतो. पातं ब्रशने झाडलं की फुग्याने हीट सिंकच्या पट्ट्यांमध्ये फुंकर मारा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा. ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याच्या पंख्याचंही तेच. समोरची जाळी निघत असेल तर पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. हार्ड डिस्कवर एक बारीक भोक असतं, त्यावर थेट हवा मारू नका.

हीट सिंक काढायचा मोह टाळा. तो काढला की खालची थर्मल पेस्ट तुटते आणि नवी लावल्याशिवाय परत बसवून उपयोग नाही. काही जुन्या एएमडी रायझन कॉम्प्युटरांमध्ये तर हीट सिंकला चिकटून चिपच सॉकेटमधून उपटून येते आणि तिच्या पिना वाकतात.

आत पालीची अंडी, मुंग्या, झुरळं सापडली तर दचकू नका. मागच्या बाजूला न वापरलेल्या स्लॉटच्या पट्ट्या गायब असतील, तोच त्यांचा दरवाजा. त्या बसवून घ्या. वायर उंदराने कुरतडलेली दिसली, किंवा मदरबोर्डवरच्या एखाद्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसलं, तर तिथेच थांबा आणि कॉम्प्युटर सुरू न करता तंत्रज्ञाकडे न्या.

सगळं जोडलं, पण डिस्प्लेच येत नाही!

हे बऱ्याचदा होतं आणि बहुतेक वेळा गंभीर नसतं. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डऐवजी मदरबोर्डच्या जागेत लागली आहे का, ते आधी बघा. तसं नसेल तर पॉवरची वायर पुन्हा काढा आणि रॅम दोन्ही बाजूंनी ‘टक’ असा आवाज येईपर्यंत नीट दाबून बसवा. रॅम खोडरबराने घासण्याचा गावोगावचा उपाय अनेकदा लागू पडतो, पण तो बहुधा रॅम काढून परत बसवल्यामुळे. रबराने संपर्कपट्ट्यांवरचा सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि चुरा स्लॉटमध्ये पडतो. कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसणं पुरे.

सफाईनंतर पंख्याचा आवाज कमी झाला की नाही, ते कानालाच कळतं. बायोसमध्ये किंवा एखाद्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तापमान आधी आणि नंतर पाहिलं तर फरक आकड्यांतही दिसेल. पुढची धूळ रोखायची असेल तर कॅबिनेट जमिनीवरून निदान पाटाएवढं उचला, टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा, आणि प्लास्टिकचं कव्हर घालत असाल तर ते कॉम्प्युटर सुरू करण्याआधी पूर्ण काढा. रस्त्याकडेचं घर, पाळलेलं कुत्रं-मांजर किंवा शेजारी बांधकाम असेल तर तीन महिन्यांनी, एरवी सहा महिन्यांनी झाकण उघडलं तरी चालतं. पावसाळा संपल्यावर, हवा कोरडी झाली की एक सफाई हवीच.

लॅपटॉपला हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. त्यात बॅटरी आतच असते, त्यामुळे चार्जर काढला तरी मदरबोर्डला वीज मिळत राहते. उघडलाच तर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवण्याचं. बॅटरी फुगून टचपॅड वर आलेलं दिसत असेल, तर तो उघडू नका, दाबून बसवू नका, चार्जिंगला लावू नका. बंद करून सरळ सर्व्हिस सेंटरला न्या.