नदीत पोहता आलं म्हणजे समुद्र कळला असं नाही : पॅडलबोर्ड, स्नॉर्कलिंगला जाण्याआधी एवढं वाचा

रोहा (वार्ताहर) : दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर असो, बचत गटाची सहल असो, नाहीतर भात झोडून झाल्यावर काढलेली दोन दिवसांची घरगुती ट्रिप असो, पेण-रोह्याकडची मंडळी आता मालवण, तारकर्ली, देवबागपर्यंत सर्रास जाऊ लागली आहेत. तिथे गेलं की किल्ला, मासे आणि मग "पाण्यातलं काहीतरी" ठरलेलं. त्यातही फळीवर उभं राहून वल्हं मारायचं पॅडलबोर्डिंग आणि तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघायचं स्नॉर्कलिंग, या दोन गोष्टींची पोरांना फार हौस. दिसायला दोन्ही सोप्या. शिकायलाही सोप्याच आहेत. पण गेल्या डिसेंबरात आमच्याच घरच्या ट्रिपमध्ये जे घडलं, त्यावरून चार गोष्टी लिहून ठेवाव्यात असं वाटलं.

काय घडलं?

मार्गशीर्षातली सप्तमी होती. सकाळी साडेसातला देवबागच्या मागच्या बाजूला, कर्ली नदीच्या खाडीत आम्ही पाच जण गाईडसोबत पॅडलबोर्डवर उतरलो. पाणी आरशासारखं शांत. माझा भाचा सोळा वर्षांचा, कोलाडकडे वाढलेला, कुंडलिकेत उन्हाळाभर डुंबणारा. त्याला दहा मिनिटांत बोर्डवर उभं राहता आलं. गाईड आमच्यासारख्या जड मंडळींना गुडघ्यावर बसवण्यात गुंतलेला असताना हा पुढे निघाला. पायाला बांधलेला पट्टा "अडकतो" म्हणून त्याने गुपचूप सोडूनही टाकला.

वळून बघतो तर पोरगा चांगलाच लांब, देवबागच्या टोकाला जिथे कर्ली समुद्राला मिळते त्या संगमाच्या दिशेने चाललेला. तो वल्हं मारत होता आमच्याकडे, पण सरकत होता उलटा. घाबरून तो बोर्ड सोडून पोहत यायच्या तयारीत होता. तेवढ्यात गाईड ओरडला, "बस खाली! गुडघ्यावर बस! फळी सोडू नको!" तो बसला. गाईड जोरात वल्हवत त्याच्यापर्यंत गेला, दोरी लावली आणि त्याला मधल्या धारेतून ओढून न आणता आधी आडवा काठाकडे नेला, मग काठाकाठाने परत आणला. सगळं मिळून वीस मिनिटं. काठावर आल्यावर भाचा एवढंच म्हणाला, "मामा, पाणी तर हलतच नव्हतं."

गाईड मालवणीत म्हणाला, "पोवूक येता म्हणान दर्या कळता असा नाय, काका."

पाणी हलत होतंच, फक्त दिसत नव्हतं. त्यात दोन कारणं एकत्र आली होती.

पहिलं कारण : ओहोटी

आपल्याकडच्या जुन्या माणसांना भरतीचा हिशोब तोंडपाठ असतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, सप्तमीला सव्वापाच. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. पहाटे आणि दुपारनंतर अशा दोन भरत्या, आणि प्रत्येक भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. मालवणकडे भरती आपल्यापेक्षा थोडी आधी लागते, एवढं धरायचं.

म्हणजे सप्तमीला साडेसातला आम्ही उतरलो तेव्हा पाणी भर ओहोटीचं होतं. खाडीत चढलेलं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून समुद्रात चाललेलं. तोंड अरुंद, म्हणून तिथे ओढ जास्त. त्यातल्या त्यात बरं एवढंच की सप्तमी-अष्टमीला भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. तेच पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या उधाणात घडलं असतं तर वीस मिनिटांत काम झालं नसतं.

खारेपाटातल्या माणसाला हे सांगायला नको. बांधाची उघाडी उघडली की पाणी कसं धावतं ते तो रोज बघतो. पण ट्रिपला गेलं की आपण आपलीच अक्कल घरी ठेवून जातो, हा अनुभव आहे.

दुसरं कारण : मतलई वारा

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे सगळ्यांनी पाठ केले आहेत. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. हिवाळ्यात हा मतलई वारा सकाळी उशिरापर्यंत चालू असतो.

गंमत अशी की मतलई चालू असताना काठाजवळचं पाणी सगळ्यात शांत दिसतं, कारण वारा जमिनीकडून येतो आणि लाटा उठत नाहीत. म्हणून सकाळची वेळ बोर्डसाठी चांगली समजतात, आणि ती आहेही. पण बोर्डवर उभा माणूस म्हणजे शीडच. वारा पाठीला लागला की बोर्ड आत सरकतो आणि परत येताना तोच वारा तोंडावर. म्हणून नियम साधा आहे : जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर वारा परत आणतो. वारा समुद्राकडे असेल तर काठापासून लांब जायचंच नाही.

वाहत चाललात तर काय करायचं?

• आधी खाली बसा. गुडघ्यावर किंवा पोटावर. शीड लहान झालं की वाऱ्याचा जोर कमी लागतो.
• बोर्ड सोडू नका. तो बुडत नाही आणि लांबूनही दिसतो. पोहणाऱ्याचं फक्त डोकं दिसतं.
• धारेच्या विरुद्ध झगडू नका. आडवं काठाकडे जा.
• जमत नसेल तर बसून दोन्ही हात वर करून हलवा.
• पायाचा पट्टा समुद्रात आणि शांत खाडीत सोडायचा नाही. पडलात तर बोर्ड त्यानेच तुमच्याजवळ राहतो. वाहत्या नदीत मात्र उलटं. तिथे घोट्याचा पट्टा झाडाच्या मुळीत किंवा दगडात अडकला तर माणूस पाण्याखाली दाबला जातो. नदीत कमरेचा, झटकन सुटणारा पट्टा लागतो.

हा शेवटचा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. कुंडलिकेत मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटतं आणि त्यावरच कोलाडचं राफ्टिंग चालतं. पाणी सुटलं की नदीचा रंगढंग बदलतो. तिथे स्थानिक गाईडशिवाय कोणी हौसेने बोर्ड घालू नये.

स्नॉर्कलिंग आपल्याकडे का नाही?

एवढा मोठा किनारा अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनला असताना नळी लावायला मालवणला का जायचं, असं बरेच जण विचारतात. उत्तर आहे गाळ. अंबा, पाताळगंगा, कुंडलिका, सावित्री या नद्या पावसाळ्यात माती आणतात. शिवाय आपल्याकडे उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, त्यामुळे तळाचा चिखल सतत ढवळला जातो. मास्क लावून डोकं घातलं तर चहा दिसेल. मालवणकडे भरती-ओहोटीतला फरक साधारण निम्मा, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकाळ तळ आणि प्रवाळ. म्हणून तिथे बघण्यासारखं आहे. हा भाग 1987 पासून मालवण सागरी अभयारण्य आहे.

पाणी स्वच्छ मिळायला डिसेंबर ते फेब्रुवारी चांगले, आणि त्यातही भांगाचे दिवस. तिथी बघून सहल ठरवा, पैसे वसूल होतील.

मास्क, नळी आणि मिशी

आम्ही त्याच दिवशी दहाच्या सुमारास, ओहोटी संपत आली असताना होडीने किल्ल्याजवळ गेलो. माझ्या मास्कमध्ये दोन मिनिटांत पाणी शिरलं. नाकात गेलं, मी धडपडलो, पाय खाली टेकवायला गेलो. गाईडने रिंग पुढे केली आणि हसत म्हणाला, "काका, मिशी." मिशीच्या केसांतून पाणी आत येतं. वरच्या ओठावर व्हॅसलिन चोपडल्यावर बरंच थांबलं. मिशीवाल्यांनी डबी सोबत ठेवावी.

बाकी गोष्टी अशा :

• मास्क नाक झाकणारा हवा. पोहायचा साधा चष्मा चालत नाही.
• पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवा, नाकाने श्वास ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर माप बरोबर. केस आत अडकू देऊ नका.
• काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळतात. किळस वाटत असेल तर थेंबभर बेबी शाम्पू.
• श्वास फक्त तोंडाने, सावकाश. नळीत पाणी आलं तर जोरात "फू" करून उडवायचं. हे आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पाच-सात वेळा करा, मगच होडीत बसा.
• पाण्याखाली वस्तू जवळ आणि मोठी दिसते. हाताशी वाटलेला खडक खोल असतो.
• प्रवाळावर पाय ठेवू नका, तोडू नका. तो दगड नाही, जिवंत आहे, आणि वाढायला वर्षानुवर्षं लागतात. कापलं तर जखम चिघळते ती वेगळीच.
• पाठ उन्हात राहते. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. बायकांनी साडी, ओढणी, सैल कुर्ता टाळावा, कपडा पायात गुंडाळतो. मंगळसूत्र, अंगठ्या खोलीवरच ठेवा.

मास्क जमल्यावर मात्र जे दिसलं ते विसरण्यासारखं नाही. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा हाताच्या अंतरावरून गेला. माझी बायको, जिला पोहताच येत नाही, ती लाइफ जॅकेट घालून रिंग धरून अर्धा तास पालथी होती. वर यायला तयार नव्हती. पोहता न येणाऱ्यानेही घाबरायचं कारण नाही, पण जॅकेट, रिंग आणि शेजारी गाईड या तीन गोष्टी हव्यातच.

हृदयविकार, आटोक्यात नसलेलं बीपी, दमा, फिट येणं यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरला विचारा आणि गाईडला सांगा. लपवू नका. दारू घेतलेल्या माणसाला कोणी कितीही आग्रह केला तरी पाण्यात उतरू देऊ नका.

पैसे देण्याआधी विचारा

आदल्या संध्याकाळी रस्त्यावर एकाने आम्हाला फार स्वस्तात सगळं करून देतो म्हणून सांगितलं होतं. जॅकेट बघायला मागितली तर दोनांची बकलं तुटलेली, एकाला दोरी बांधलेली. होडीत किती माणसं घेणार, तर "बसतील तेवढी". आम्ही नमस्कार केला आणि निघालो. चारशे रुपये वाचले असते, बाकी काय गेलं असतं सांगता येत नाही.

24 मे 2022 ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्याआधी 1 फेब्रुवारी 2016 ला आपल्याच जिल्ह्यात मुरूडच्या समुद्रात पुण्याचे 14 विद्यार्थी बुडाले. दोन्ही दिवशी पावसाळा नव्हता. म्हणून विचारायला लाजू नका :

1. परवानगी आणि नोंदणी आहे का? महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाची परवानगी, आणि 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी. कागद दाखवायला सांगा.
2. एका गाईडमागे किती माणसं? त्याने प्रथमोपचार आणि जीवरक्षणाचं शिक्षण घेतलंय का?
3. जॅकेट माणशी एक, मापाचं, बकल चालू आहे का? खांद्याला धरून वर ओढा, कानापर्यंत आलं तर सैल आहे. मुलांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही.
4. होडीची क्षमता किती, बसणार किती?
5. आज भरती-ओहोटी किती वाजता, वारा कुठला? ज्याला हे पटकन सांगता येत नाही, त्याच्यासोबत जाऊ नका.
6. हवा बिघडली तर पैसे परत की दुसरी वेळ?

आमचा गाईड पाचव्या प्रश्नाला पटकन उत्तर देणारा होता, म्हणून आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. चूक त्याची थोडी, आमची जास्त. पोरावर लक्ष ठेवणं हे गाईडचं एकट्याचं काम नाही.

पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. तेव्हा कोणी "गुपचूप नेतो" म्हणालं तरी जाऊ नये. अडचण आली तर पोलीस, रुग्णवाहिकेसाठी 112 आणि समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा 1554 हे नंबर मोबाईलमध्ये ठेवा.

भाच्याचं म्हणाल तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच खाडीत उतरला. पायाचा पट्टा त्याने स्वतः दोनदा ओढून बघितला, आणि उतरण्याआधी मला विचारलं, "मामा, आज अष्टमी ना? म्हणजे भरती सहाला?"