दायमाबादची चार चित्रे

छत्रपती संभाजीनगरहून नगरकडे जाताना कायगाव टोक्याला गोदावरीचा पूल लागतो. त्याच परिसरात प्रवरा गोदावरीला मिळते. या प्रवरेच्या काठाने वर श्रीरामपूर तालुक्यात गेलो की दायमाबाद लागते. सिंधू संस्कृती म्हटली की आपण हडप्पा, मोहेंजोदडोच आठवतो. पण तिची एक पाऊलखूण आपल्या शेजारीच आहे.

१९७४ साली इथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या बुंध्याशी खणताना चार ब्राँझची चित्रे सापडली. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. चारही भरीव; मिळून वजन साठ किलोंहून अधिक. मोहेंजोदडोची प्रसिद्ध नर्तकी जेमतेम साडेदहा सेंटीमीटरची, तर इथला रेडाच एकतीस सेंटीमीटर उंच! रेडा आणि गेंडा चाकांवर उभे आहेत. रथ पंचेचाळीस सेंटीमीटर लांब. त्यात सोळा सेंटीमीटरचा सारथी उभा आहे आणि पुढे दांडीवर चक्क एक कुत्रा! गाडीबरोबर कुत्रा हवाच, हे त्या कारागिराला ठाऊक होते. मला सगळ्यांत आवडतो तो हाच.

आता ही चित्रे किती जुनी? म. के. ढवळीकर, एस. ए. साळी या संशोधकांनी ती उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानली. डी. पी. अग्रवाल यांनी शंका घेतली. या धातूत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, आणि त्या काळातल्या आपल्याकडच्या इतर ताम्रवस्तूंत ते तसे मिसळलेले आढळत नाही, हा त्यांचा मुद्दा.

वाद मिटत नाही, कारण चित्रे शास्त्रीय उत्खननात थराथरांतून निघालेली नाहीत. गझलेतला शेर बाहेर काढला तरी एकटा उभा राहतो. जमिनीतल्या वस्तूचे तसे नाही. ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होती, यावरच तिचे वय ठरते.

साळींनी १९७५ ते १९७९ या काळात इथे उत्खनन केले. सावळदा ते जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर एकावर एक निघाले. त्यांतल्या उत्तर हडप्पा थरात मातीच्या दोन बटणासारख्या मुद्रा आणि काही खापरे मिळाली, त्यांवर सिंधू लिपीची चिन्हे. दिसायला अगदी किरकोळ. रथाशेजारी ठेवली तर कोणी बघणारही नाही. पण हडप्पाचे लोक प्रवरेकाठी राहिले होते, याचा पक्का पुरावा ती खापरेच देतात.