लहान मुलांतील सिकलसेल : प्रारंभीच्या खुणा

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा आढावा येतो, देणगीदारांचे आभार मानले जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु ही स्मरणिका सभासदांच्या घरोघरी जाते, माता-भगिनींच्याही हाती पडते, हे ध्यानी घेऊन अगदी घरगुती उपयोगाचा एक विषय येथे मांडण्याचे योजिले आहे. सौंसर-पांढुर्णा या आपल्या भागात, शेजारच्या नागपूर जिल्ह्यात आणि सबंध विदर्भात रक्ताचा जो आनुवंशिक विकार आढळतो, त्या सिकलसेलविषयी हे चार शब्द आहेत. हा विकार मूल जन्मतःच घेऊन येते. परंतु तो ओळखू येईपर्यंत पुष्कळदा शाळेचे वय उजाडते. वास्तविक पहिली पाच वर्षेच जिवाला सर्वांत धोक्याची असतात. म्हणून या विकारात लवकर ओळखणे हाच अर्धा उपचार होय.

प्रथम विकार म्हणजे काय ते पाहू. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचिक असतात; केसाहून बारीक अशा रक्तवाहिन्यांतूनही त्या सहज पार होतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य सर्व अंगाला प्राणवायू पोहोचविते. सिकलसेलच्या रोग्यात या हिमोग्लोबिनची घडण किंचित बदललेली असते. प्राणवायू कमी पडला, अंगातील पाणी आटले अथवा थंडी बाधली, की पेशी ताठ होऊन विळ्यासारख्या वाकतात. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. अशा पेशी वाहिनीत अडकतात, पुढचा भाग रक्तावाचून तळमळतो, आणि असह्य ठणका लागतो. शिवाय निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही १० ते २० दिवसांत नष्ट होते. म्हणून अंगात रक्त कमी राहते.

शिकागो येथील डॉ. हेरिक यांनी १९१० साली ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात अशा पेशी पाहून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत, तर १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतात हा विकार असल्याचे दाखवून दिले. हिवतापाच्या जंगली मुलखात तो का टिकला, याचे कारण मोठे विलक्षण आहे. ज्याला हा दोष आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच मिळतो, तो वाहक. त्याला घातक हिवतापापासून काही अंशी संरक्षण लाभते. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वाहक तगून राहिले. आदिवासी बांधवांत याचे प्रमाण अधिक आहे हे खरे. परंतु इतर अनेक समाजांतही तो आढळतो. सबब, ‘हा आपल्यातला आजार नव्हे’ असे म्हणून कोणीही निश्चिंत राहू नये.

आता खुणा. जन्मानंतर सुमारे सहा महिने बाळ गुटगुटीत दिसते, कारण गर्भावस्थेतील निराळे हिमोग्लोबिन तोवर त्याचे रक्षण करते. ते ओसरले की पहिली खूण पुष्कळदा हातापायांवर उमटते. तळहातांची व पावलांची वरची बाजू, बोटांसह, सुजते. हात लावताच बाळ किंचाळते. चालू लागलेले मूल पाऊल टेकीत नाही. पडल्याची, लागल्याची काहीच हकीकत नसते. घरची मंडळी मुरगळले म्हणून चोळतात, कोणी नजर उतरवितात. चार-आठ दिवसांनी सूज आपोआप ओसरते आणि सर्वांना हायसे वाटते. परंतु दोन वर्षांच्या आतील मुलाला अशी सूज आली, तर ती गेली तरीही रक्त तपासून घ्यावेच.

दुसरी खूण फिकटपणाची. ओठ, नखे व पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसते, मूल लवकर थकते, वजन व उंची मागे राहते. डोळे अधूनमधून पिवळे होतात. कावीळ समजून गळ्यात माळ घातली जाते. पिवळेपणा कमी झाला की माळेला श्रेय मिळते, आणि मूळ विकार तसाच राहतो.

तिसरी गोष्ट खुणेहून अधिक म्हणजे धोक्याची घंटाच आहे. रोगजंतूंना अडविणारी पानथरी अशा मुलांत लहानपणीच निकामी होऊ लागते. त्यामुळे साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. सिकलसेलच्या मुलाला फॅरनहाइट १०१ अंशांवर ताप चढला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तसेच कधी कधी पुष्कळ रक्त पानथरीत एकाएकी साचते. डाव्या बरगड्यांखाली पोट फुगून कठीण लागते आणि मूल पांढरे फटक पडून मलूल होते. डाव्या बाजूचे पोट हळुवार चाचपण्यास आईने डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. छातीत दुखून धाप लागणे, हातपाय लुळे पडणे किंवा बोलणे अडखळणे, यांतही क्षणाचा विलंब नको.

शाळेतही हा विकार आपल्या डोळ्यांसमोर असतो. थंडीत किंवा पावसात भिजल्यावर हाडे दुखतात म्हणून वारंवार गैरहजर राहणारा, कवायतीच्या तासाला बाजूस बसणारा, पुन्हा पुन्हा लघवीला जाण्याची परवानगी मागणारा विद्यार्थी आळशी किंवा ढोंगी ठरविला जातो. या मुलांचे मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही, म्हणून त्यांना तहान व लघवी दोन्ही अधिक. शिक्षकबंधूंनी त्यांना पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी आणि उन्हात उभे करण्याची शिक्षा कदापि देऊ नये.

तपासणी सोपी आहे. बोटाच्या थेंबभर रक्तावरील प्राथमिक चाचणीत दोष आहे की नाही हे कळते. परंतु मूल वाहक आहे की रोगी, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढील चाचणीनेच ठरते. सहा महिन्यांच्या आतील बाळात प्राथमिक चाचणीवर विसंबू नये. आपल्याच राज्यात शहडोल येथे १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला असून २०४७ पर्यंत हा विकार नाहीसा करण्याचा त्याचा संकल्प आहे. तपासणीसाठी जवळच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. निदान झाल्यास लहानपणी नियमित पेनिसिलिन, न्यूमोनियाची लस, फॉलिक अ‍ॅसिड आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया, एवढ्यानेही मुलाचे आयुष्य पुष्कळ सुसह्य होते. २०१६ च्या दिव्यांगजन कायद्यातही या रोगाचा समावेश आहे.

शेवटी लग्नाचा नाजूक विषय. आई-बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाच्या वेळी रोगी मूल होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन आणि पूर्ण निर्दोष होण्याचा चारांत एक असतो. ‘पहिले मूल रोगी झाले, आता पुढची तीन सुखरूप’ असा हिशेब कोणी करू नये. दर वेळी फासा नव्याने पडतो. आम्हा मुसलमानांत चुलत-मावस भावंडांत निकाह होतात, शेजारच्या अनेक घरांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे. एकाच घराण्यातील दोघांत एकच दोष असण्याचा संभव अधिक, म्हणून अशा ठिकाणी तपासणी विशेष अगत्याची. वाहक असणे हा रोग नव्हे, कलंक तर मुळीच नव्हे. वाहकाने निर्दोष जोडीदाराशी लग्न केल्यास रोगी मूल होत नाही. मात्र जोडीदार थॅलेसेमियाचा वाहक नाही, हेही पाहून घ्यावे. मूल रोगी निघाले की दोष बहुधा सुनेच्या माथी मारला जातो. हा विकार उभयतांकडून सारखाच येतो, हे वडीलधाऱ्यांनी पक्के ध्यानी ठेवावे.

सोयरीक जुळविताना आपण पत्रिका पाहतो, जमीन पाहतो, नोकरी पाहतो. त्याच बैठकीत रक्ताच्या तपासणीचा कागद मागण्याचा संकोच सुटला, आणि घरातील लेकराच्या सुजलेल्या पावलाकडे वेळीच लक्ष गेले, तर पुढच्या महोत्सवाला आपल्या अंगणात अधिक मुले धावताना दिसतील.