दहा अडथळ्यांची शर्यत

शंभर मीटरांची शर्यत ही प्रामुख्याने वेगाची परीक्षा असते. चारशे मीटरांची अडथळ्यांची शर्यत ही वेगाबरोबर हिशेबाचीही परीक्षा असते. स्त्रियांच्या या शर्यतीत सुमारे अडीच फूट उंचीचे दहा अडथळे असतात. पहिला अडथळा प्रारंभरेषेपासून 45 मीटरांवर आणि पुढे दर 35 मीटरांवर एकेक. त्यांवरून उंच उडी मारावयाची नसते. माथ्यावरून जेमतेम निसटावयाचे असते, कारण शरीर जितका वेळ अधांतरी, तितका वेग कमी. दोन अडथळ्यांमधील पावलेही ठरलेली असतात. शेवटी शेवटी पाय जड होतात, पावलांचे गणित चुकते, आणि हाती आलेली शर्यत जाते.

ऑलिंपिकमध्ये पुरुष ही शर्यत 1900 सालापासून धावत होते. स्त्रियांना ती संधी मिळण्यास मात्र 1984 साल उजाडावे लागले! त्या वर्षी 8 ऑगस्टला लॉस एंजेलिस येथे ही पहिली अंतिम शर्यत झाली. मोरोक्को देशातील कासाब्लांका शहराच्या नवाल अल् मुतवक्किल यांनी ती 54.61 सेकंदांत जिंकली. ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या अरब स्त्री होत. मोरोक्कोचेही ते पहिलेच सुवर्णपदक. राजे हसन दुसरे यांनी दूरध्वनीवरून त्यांचे अभिनंदन केले आणि त्या दिवशी जन्मलेल्या मुलींचे नाव ‘नवाल’ ठेवावे, असे जाहीर केले. (आपल्या ‘नवल’ या शब्दाशी या नावाचे साम्य केवळ ध्वनीचे आहे, अरबीत त्याचा अर्थ ‘देणगी’ असा होतो.)

पुढे त्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या सदस्य झाल्या, 2007 साली आपल्या देशाच्या युवक व क्रीडा खात्याच्या मंत्री झाल्या आणि 2012 साली त्या समितीच्या उपाध्यक्षही झाल्या. परंतु या साऱ्या पदांहून त्यांचे एक काम मला अधिक मोलाचे वाटते. मुलीने भर रस्त्यातून धावावे, हे ज्या समाजात अनेकांना रुचत नसे, तेथे त्यांनी 1993 साली खास स्त्रियांसाठी दौड सुरू केली. कासाब्लांकाच्या त्याच रस्त्यांवरून आया, लेकी आणि आज्या पुढे हजारोंच्या संख्येने धावू लागल्या.

लॉस एंजेलिसच्या त्याच शर्यतीत केरळच्या पी. टी. उषाही होत्या. तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या धावपटूस 55.41 सेकंद लागले, उषांना 55.42. डोळ्याचे पाते लवण्यासही याहून कितीतरी अधिक वेळ लागतो! तेवढ्याने कांस्यपदक हुकले. उषांनी पुढे केरळात मुलींना धावण्याचे शिक्षण देणारी संस्था काढली. 2022 साली त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली, आणि त्याच वर्षी त्या भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या.