डोंगराला भागाकार

अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालून वाघूर नदी खाली जामनेर तालुक्यात उतरते. त्यामुळे काळा कातळ पोखरणं म्हणजे काय, हे आम्हा जामनेरकडच्यांना अगदी शेजारीच बघायला मिळतं. वेरूळचं कैलास लेणं थोडं लांब. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात कोरलेलं. तिथून सुमारे दोन लाख टन दगड काढला असावा, असा अंदाज नेहमी दिला जातो. हाच अंदाज मी इथे मापटं म्हणून वापरतो.

मोजायचा आहे इगतपुरी-कसाऱ्याचा बोगदा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, त्यातले हे जुळे बोगदे. प्रत्येकी जवळजवळ पावणेआठ किलोमीटर लांब, १७.६१ मीटर रुंद, ९.१२ मीटर उंच. पहूर, फर्दापूर, सिल्लोड करत सावंगीला समृद्धीवर चढलेली आपल्याकडची गाडी पुढे या बोगद्यात शिरली, की पाच-सहा मिनिटांत पलीकडे निघते. शेजारच्या थळ घाटातला रेल्वेमार्ग १८६५ सालचा. तिथला चढ ३७ फुटांना एक फूट. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून इंजिन लावतात, ते त्यामुळेच.

आता माझा ढोबळ हिशेब. छत कमानीचं असल्याने छेदाचं क्षेत्रफळ १३० चौरस मीटर धरू. दोन्ही बोगदे मिळून साडेपंधरा किलोमीटर, म्हणजे २० लाख घनमीटर पोकळी. बेसॉल्टचा घनमीटर पावणेतीन टनांच्याही पुढे भरतो. झाले ५५ लाख टनांच्या वर. सुमारे अठ्ठावीस कैलास! तेही आतल्या काँक्रीटच्या अस्तराची जाडी न धरता. फुटलेला दगड फुगतो, वीसचे तीस लाख घनमीटर होतात. पंधरा घनमीटरच्या डंपरने दोन लाख खेपा. हे डंपर एकामागे एक उभे केले, तर रांग १,६०० किलोमीटरची: जामनेरहून मुंबईला जवळजवळ दोनदा जाऊन यावं एवढी. घनमीटरला किलोभर स्फोटकं धरली, तर ती २,००० टन.

हे आकडे सांगायला बरे. पण ज्याच्या अंगावर हे काम असतं, त्याची झोप त्यांनी उडत नसावी. त्याला छळणारे आकडे फार लहान असतात.

समजा, डोंगर दोन वर्षांत पोखरायचा ठरवला. दोन बोगदे, प्रत्येकाला दोन टोकं, म्हणून चार तोंडांवर एकाच वेळी काम. एका तोंडाच्या वाट्याला जेमतेम ३.९ किलोमीटर येतात. भागिले ७३० दिवस: रोज ५.३ मीटर. बरा खडक असला तर एका सुरुंगफेरीत तीन-चार मीटर पुढे सरकता येतं. फेरी म्हणजे आधी खडकात दीडेकशे भोकं पाडायची, ती भरायची, माणसं मागे घेऊन उडवायचं, पंख्यांनी धूर बाहेर काढायचा, छताला लोंबणारे सैल दगड पाडायचे, डबर उचलायचं, मग उघड्या कातळावर शॉटक्रीट फवारून रॉक बोल्ट ठोकायचे. आणि पुन्हा भोकं. (एवढं रुंद तोंड सहसा वरचा भाग आधी, खालचा नंतर असं फोडतात, सोयीसाठी मी एकदम धरलंय.) साडेतीन मीटरची फेरी धरली तर या सगळ्याला मिळतात सोळा तास.

आता प्रत्येक फेरीत एक तास वाया गेला असं समजा. डंपर अडकला, पंखा बंद पडला, पाळी बदलताना चहा लांबला. एका तोंडाला अकराशेवर फेऱ्या. अकराशे तास म्हणजे शेहेचाळीस दिवस! दीड महिना गेला, आणि एकाही दिवशी कुणी आळस केलेला दिसणार नाही. मला अठ्ठावीस कैलासांपेक्षा हा एक तास जास्त थक्क करतो.

दुसरा लहान आकडा सर्वेअरचा. दोन टोकांकडून निघालेली तोंडं मध्ये भेटायची असतात आणि डोंगराच्या पोटात उपग्रह दिसत नाही. दिशा एका अंशाने चुकली, तर ३.९ किलोमीटरनंतर तोंड ६८ मीटर भलतीकडे जाईल. अंशाचा ३,६०० वा भाग चुकला, तर दोन सेंटिमीटरही नाही. म्हणून रेषा पुन्हा पुन्हा तपासत आत न्यावी लागते.

आपल्या जिल्ह्यातली गणितं अजून कागदावर आहेत. चाळीसगाव आणि कन्नड यांच्यामधल्या औट्रम घाटात ३१ ऑगस्ट २०२१ ला दरडी कोसळून रस्ता बंद झाला. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिथे जड वाहनांना बंदी घातली. बोगद्याची मागणी त्याहून कितीतरी जुनी. कसाऱ्याएवढाच रुंद जुळा बोगदा धरला, तर दर किलोमीटरला सात लाख टनांवर दगड निघेल, साडेतीन कैलास. वर गौताळ्याचं अभयारण्य, तेव्हा तो टाकायचा कुठे, हे पहिल्या सुरुंगाआधी ठरवावं लागेल. शिवाय पठार कन्नडकडे, उतार चाळीसगावकडे. खालून वर खोदणाऱ्या तोंडाचं पाणी आपोआप वाहून जाईल, कन्नडकडून उतरत येणाऱ्या तोंडाशी मात्र ते साचत राहील. तिथे पहिल्या पावसापासून पंप लागतील, आणि ते बंद पडण्याचे तासही त्या सोळांतच बसवावे लागतील.