टाउनलँड : आयर्लंडच्या मातीतली नावे

आयर्लंडच्या ग्रामीण भागात पत्ता सांगताना गावापेक्षाही लहान एकक येते. त्याला टाउनलँड म्हणतात. बेटावर अशी ६०,०००हून अधिक एकके आहेत. त्यांच्या सीमा बऱ्याचदा ओढे, बांध आणि जुन्या वाटांवरून जातात.

१८२४ पासून ऑर्डनन्स सर्व्हेने बेटाची मोजणी केली. अभ्यासक जॉन ओ'डोनोव्हन यांनी परगण्यापरगण्यांत फिरून आयरिश बोलणाऱ्या वृद्धांकडून नावांचे मूळ उच्चार टिपून घेतले. नकाशावर मात्र इंग्रजी वळणाची रूपे चढली. तरीही ‘बॅली’ म्हणजे वस्ती, ‘डेरी’ म्हणजे ओकची राई, ‘लिस’ म्हणजे गोल बांधाचे आवार, हे अर्थ ओळखता येतात.

अशी बहुतेक आवारे मध्ययुगाच्या आरंभीच्या शेतकऱ्यांची राहती ठिकाणे होती. पुढे लोकांनी ती ‘शी’ या अदृश्य परीजनांची मानली. तिथली माती उकरली किंवा एकाकी हॉथॉर्नचे झाड तोडले तर संकट ओढवते, अशी समजूत रूढ झाली. या धाकाने असंख्य अवशेष नांगरापासून वाचवले. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यातील लाटून येथे कथाकार एडी लेनिहन यांनी आवाज उठवला आणि महामार्गाच्या कामात असे एक झाड राखले गेले.

१९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाच्या उपक्रमात हजारो शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून स्थानिक नावे, पवित्र विहिरी आणि दंतकथा वह्यांत उतरवल्या. हा संग्रह आज ऑनलाइन खुला आहे. नाव विसरले की त्याला बिलगलेली गोष्टही हरवते, म्हणून ही नावे रोजच्या वापरात राहायला हवीत.