शेवटी उठणार कोण?

पेडण्यातील किंवा डिचोलीतील एखाद्या देवळात रात्रीचे कीर्तन संपले आहे, अशी कल्पना करा. सभामंडपात दिवा जळतो आहे. नियम साधा आहे: शेवटी उठेल त्याने दिवा मालवावा. एकेक जण निघून जातो आणि दोघे स्नेही उरतात. पहिला म्हणतो, "तुम्ही उठलात की मी उठेन." दुसराही तेच म्हणतो. नियम कोणीच मोडलेला नाही. तरी दिवा रात्रभर जळत राहतो.

संगणकाच्या प्रोग्राममध्ये असे घडले, तर त्यास मेमरीची गळती म्हणतात. नाव गळतीचे असले तरी तेथे काही सांडत नाही. जागा अडून राहते. प्रोग्राम कामापुरती जागा मागून घेतो आणि काम सरताच ती परत करावयाची असते. ती केव्हा परत करावी, हे ठरविण्याची गणनेची युक्ती जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली मांडली. प्रत्येक वस्तूजवळ एक आकडा ठेवावयाचा. तिला धरणारा नवा पॉइंटर आला की तो एकाने वाढतो, गेला की घटतो. शून्य होताच जागा मोकळी होते. परंतु दोन वस्तू एकमेकींना धरून बसल्या, तर आकडा शून्यावर येतच नाही. हे वैगुण्य मॅकबेथ यांनी १९६३ सालीच दाखवून दिले होते.

मग शोध कसा घ्यावा? तिळारीचे पाणी कालव्यांनी या दोन्ही तालुक्यांकडे येते. कालवा गळत असेल, तर दोन ठिकाणी प्रवाह मोजतात. फरक पडला की दोष त्या दोहोंच्या मध्ये. येथेही तसेच करावे. एखादी खिडकी उघडून मिटण्याचे काम शंभर वेळा करवावे आणि आधीची व नंतरची नोंद ताडून पाहावी. ज्या जातीच्या वस्तू नेमक्या शंभरांनी वाढल्या, त्या संशयित. व्हॅलग्रिंडसारखे साधन जागा कोणी मागितली ते सांगते. ती कोणी अडविली, हे मात्र आपणच शोधावयाचे. धरणाऱ्याला कोणी धरले, असे मागे मागे जाता वाट फिरून त्याच वस्तूपाशी आली, की वर्तुळ सापडले.

उपाय सोपा आहे. सी प्लस प्लस भाषेच्या २०११ च्या प्रमाणात 'वीक पॉइंटर' आला. तो वस्तू जिवंत आहे की नाही हे विचारू शकतो, पण गणनेत धरला जात नाही. दोघा स्नेह्यांपैकी एकाने म्हणावे, "मी केवळ सोबतीला आहे, माझ्यासाठी थांबू नका."

प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला की गळती दिसेनाशी होते, म्हणून पुष्कळजण तेवढ्यावरच भागवितात. परंतु रुग्णालयातले यंत्र किंवा मोपा विमानतळासारख्या ठिकाणचा फलक रात्रंदिवस चालावा लागतो. तेथे अडलेली थोडी थोडी जागा साचून ऐन वेळी काम थांबते. म्हणून प्रोग्राम लिहितानाच ठरवावे, की वस्तूचा धनी कोण आणि केवळ ओळखीचा कोण. नुसत्या मोजणीने हा प्रश्न सुटत नाही.